बोन सेट आत्ताच विकत घेऊ नकोस

आलेलं पत्र असं आहे:

"आदरणीय डॉक्टर मॅडम, मी पिंपळगाव बसवंतजवळच्या वस्तीवर राहते. वडिलांची द्राक्षबाग आहे. दुसऱ्यांदा नीट देऊन यंदा नाशिकमध्येच एमबीबीएसला नंबर लागला. आमच्या घरात डॉक्टर होणारी मी पहिलीच. कॉलेज सुरू व्हायला अजून महिना आहे. ओळखीतला एक सीनियर म्हणतो, आत्तापासून अ‍ॅनाटॉमी वाचून काढ, नाहीतर मागे पडशील. त्याचा जुना बोन सेट, म्हणजे अभ्यासाचा हाडांचा संच, आणि पुस्तकं तो मला विकायलाही तयार आहे. माझी दहावी मराठीतून झाली. अकरावी-बारावी इंग्रजीतून केली, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. आजोबांच्या दशक्रियेला रामकुंडावर मला गरगरलं होतं, मग प्रेताला हात कसा लावणार? आणि आई म्हणते, हॉस्टेल कशाला, बसने जाऊन-येऊन कर, घरचं खाशील. या महिन्यात मी नेमकं काय करू?"

प्रिय मुली,

आधी अभिनंदन. दुसऱ्यांदा बसून नंबर मिळवलास हे तू अर्ध्या ओळीत उरकलंस, पण ते मधलं वर्ष कसं गेलं असेल याचा अंदाज मला येतो. त्यामुळे या महिन्यात पहिले आठ दिवस पोटभर झोप. हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे, लाड म्हणून नाही.

आता त्या सीनियरचा बोन सेट. घेऊ नकोस. त्याला तो विकायचा आहे आणि तुला घाबरवलं की लवकर विकला जाईल, एवढंच त्यात आहे. हाडं अभ्यासाला कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात मिळतात, आणि हॉस्टेलच्या एका खोलीत तिघींना मिळून एक सेट पुरतो. शिवाय खरी हाडं असतील तर ती कुणाची आणि कुठून आली हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मला ते आवडत नाही. लागलाच तर नंतर प्लॅस्टिकचा घे. पुस्तकांचंही तसंच. कोणतं पुस्तक कुठल्या सरांना चालतं, कोणतं आपल्याला समजतं, हे पंधरा दिवस वर्गात बसल्याशिवाय कळत नाही.

अ‍ॅनाटॉमी आधीच वाचून काढायची का? माझं मत आहे, नको. हाड हातात नसताना, स्नायू समोर उघडलेला नसताना त्याची सुरुवात कुठे नि शेवट कुठे हे पाठ केलं तर ते पंधरा दिवसांत उडून जातं, आणि मागे फक्त "मी एकदा वाचलं होतं" ही खोटी धीट भावना उरते. ती जास्त घातक. ज्यांनी आधी वाचलेलं असतं ती मुलं पहिले तीन आठवडे वर्गात लक्ष देत नाहीत आणि चौथ्या आठवड्यात गडबडतात. असे नमुने मी पुष्कळ पाहिलेत.

खरा बदल दुसराच आहे, आणि त्याबद्दल तुला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. गेली दोन-तीन वर्षं तू चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायला शिकलीस. नीटमध्ये १८० प्रश्न, गोल काळा केला की झालं. ७२० पैकी जे काही मिळाले ते एक शब्दही न बोलता मिळाले. आता समोर पर्याय नसतात. समोर एक माणूस बसलेला असतो, तो तुझ्या हातात एक हाड देतो आणि म्हणतो, "सांगा." उत्तर तोंडातून यावं लागतं. पहिल्या वर्षात हुशार मुलं आपटतात ती इथे.

मीही आपटले होते. मी पण मराठी माध्यमाची, कॉलेज दुसऱ्या शहरात. हात, पाय, छाती असा एकेक भाग शिकवून संपला की त्याची तोंडी परीक्षा व्हायची, तिला आम्ही पार्ट कम्प्लीशन म्हणायचो. तुम्हीही तेच म्हणाल. माझी पहिलीच पार्ट कम्प्लीशन हाताची होती. सरांनी ह्युमरस दिलं, म्हणजे दंडाचं हाड, आणि विचारलं, कोणत्या बाजूचं? मला कळत होतं. गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला धरायचं, खालचा खोल खळगा मागे, की बाजू ठरते. मनात सगळं मराठीत लख्ख होतं. तोंडातून "सर, धिस इज..." यापुढे काही निघेना. त्यांनी हाड परत घेतलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. मी नापास. रात्री खोलीत रडत बसले होते, तर माझी रूममेट, अकोल्याकडची, मेसमधून चक्क लाटणं घेऊन आली. म्हणाली, हे ह्युमरस समज आणि बोल. चुकलीस तरी थांबू नकोस. गच्चीवर रात्री अकरा वाजता मी त्या लाटण्याचं वर्णन केलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. दुसऱ्या खेपेला पास झाले. आजही कुठे अडले की मी मोठ्याने बोलते. आमचे हे वैतागतात.

तर या महिन्यात अभ्यास करायचाच असेल तर असा कर. रोज एकच गोष्ट, तीही स्वतःच्या अंगावरची. कोपर दाराच्या चौकटीला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या का येतात? कारण अल्नर नावाची नस कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागून जाते, तिथे ती हाडावर उघडीच असते म्हण ना, वरून फक्त कातडी. तीच नस पुढे करंगळीला आणि अनामिकेच्या निम्म्या भागाला संवेदना देते. हे वाच, पुस्तक मिट, आणि आईला सांग. आधी मराठीत. मग तेच इंग्रजीत, मोडकं-तोडकं. आईला समजलं का ते तिच्या चेहऱ्यावरून कळेल. तिच्यासारखी परीक्षक पुढे मिळणार नाही. तीस दिवसांत तीस गोष्टी झाल्या तर कॉलेजात पहिल्या दिवशी तुझ्याकडे पाठांतर नसेल, पण तोंड उघडायची सवय असेल.

इंग्रजीची भीती मी हसण्यावारी नेत नाही, पण एक गंमत सांगते. तुझ्या शेजारी बसणाऱ्या कॉन्व्हेंटच्या मुलीलाही "अ‍ॅसिटॅब्युलम" हा शब्द तितकाच परका असणार आहे. तो इंग्रजी नाहीच, लॅटिन आहे. अर्थ आहे व्हिनेगरची वाटी. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचं डोकं ज्या वाटीत बसतं ती ही वाटी. पटेला म्हणजे छोटी ताटली, ती तुझ्या गुडघ्याची वाटी. बघ, त्यांनाही तिथे भांडंच दिसलं. क्लॅव्हिकल, गळ्याखालचं आडवं हाड, त्याचा अर्थ छोटी किल्ली. सार्टोरियस हा मांडीचा स्नायू, त्याचं नाव शिंप्यावरून पडलं, कारण शिंपी मांडी घालून बसतो. आणि माझं सगळ्यात आवडतं, कॉकिक्स. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक. ग्रीकांना त्यात कोकिळेच्या जातीतल्या पक्ष्याची चोच दिसली, म्हणून कॉकिक्स. आपल्या लोकांना तिथे शेपटीची आठवण झाली, म्हणून माकडहाड. उत्क्रांतीच्या हिशेबाने आपले लोक जास्त बरोबर आहेत.

एक दोनशे पानी वही कर. प्रत्येक पानाचे तीन उभे भाग. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचा मूळ अर्थ, तिसऱ्यात तुझी आजी त्याला काय म्हणते ते. नडगी, पोटरी, घोटा, कानशील, बरगडी, फरा, पाणथरी. पाणथरी म्हणजे प्लीहा, हे शहरातल्या किती मुलांना माहीत असतं? हा तिसरा भाग आत्ता शोभेचा वाटेल. दोन-तीन वर्षांनी वॉर्डात पेठ-सुरगाण्याकडची बाई येईल आणि म्हणेल, "अंगावरून जातंय", "घेरी येती", "धाप लागती", तेव्हा तुझ्या वर्गातले निम्मे डोळे तुझ्याकडे वळतील. आता तर पहिल्याच वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात, त्यांच्याकडे जाऊन-येऊन त्यांच्या तब्येतीचा माग ठेवायचा. तिथे जीभ अडखळणारी तू नसशील.

आता अभ्यासाच्या पसाऱ्याविषयी. विषय तीन मोठे: अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीराची रचना, फिजिऑलॉजी म्हणजे त्याचं काम, बायोकेमिस्ट्री म्हणजे त्यातलं रसायनशास्त्र. जोडीला कम्युनिटी मेडिसिनची, म्हणजे समाजाच्या आरोग्याच्या विषयाची सुरुवात. आमच्या वेळी यासाठी दीड वर्ष होतं. १९९७ च्या नियमांनी ते एका वर्षावर आणलं. शरीर मात्र तेवढंच राहिलं, हाडं २०६ ची २०६, आणि बायोकेमिस्ट्री तर आमच्यापेक्षा दुप्पट झाली आहे. म्हणजे अवघड काही नाही, जास्त आहे. दोन्हींत फरक आहे. अवघड गोष्ट एक दिवस उशिरा समजली तरी चालते. जास्त असलेली गोष्ट एक दिवस राहिली की दुसऱ्या दिवशी दुप्पट होते.

हे तुला मी शिकवायची गरज नाही. ढगाळ हवा आली की तुझे वडील काय करतात? डावणी, तो द्राक्षाच्या पानांवरचा बुरशीचा रोग, रविवारी बघू म्हणतात का? सकाळ-संध्याकाळ पान उलटून बघतात. तेवढंच करायचं. संध्याकाळी जेवणाआधी दीड तास, फक्त आज शिकवलं त्याचा. पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर आकृती काढायची, अडलं तिथे उघडायचं. ब्रेकियल प्लेक्सस नावाचं नसांचं जाळं आहे, मानेतून हाताकडे जाणारं. सगळे त्याला घाबरतात. सात दिवस रोज एकदा न बघता काढलं तर आठव्या दिवशी ते स्वस्तिकाइतकं सोपं वाटतं.

फिजिऑलॉजी मात्र पाठ करायची नाही, हिशेब करायचा. हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा ठोकतं, दर ठोक्याला जवळपास ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. गुणाकार करून बघ: मिनिटाला सुमारे ५ लिटर. लग्नात पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना, तो तुझं हृदय चार मिनिटांत रिकामा करतं, आणि रात्री झोपेतही थांबत नाही. एकदा हे डोळ्यांपुढे आलं की पुढची पन्नास पानं वाचावीशी वाटतात.

बायोकेमिस्ट्रीला सगळे शेवटी हात लावतात आणि मग ती चावते. तिच्यासाठी एकच उदाहरण देते. आपल्याच जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिड असायला हवं, तिथे व्हॅलिन आलं. बस्स, एवढंच बदललं. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की लाल पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि सुरगाण्याचं एखादं पोर हाडं दुखतात म्हणून रात्रभर कण्हतं. एका अमिनो अ‍ॅसिडपायी. त्या रटाळ साखळ्या पाठ करताना ते पोर आठव.

प्रेताची भीती. तू लिहिलंस की दशक्रियेला गरगरलं. मी विचारते, पोटात काही होतं का? कावळा शिवेपर्यंत कुणी काही खाल्लं नसणार. वर ऊन, घाटावर गर्दी, तासभर एकाच जागी उभी. अशा वेळी रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पोहोचतं, आणि माणूस गरगरतो. तिथे प्रेत नव्हतंच, मुली. होता तो पिंड. तुला भीतीने नाही, भुकेने गरगरलं असावं, असं माझं निदान. तेव्हा डिसेक्शनला, म्हणजे देह उघडून शिकायच्या तासाला, रिकाम्या पोटी कधी जायचं नाही, उभं राहताना पोटऱ्या हलत्या ठेवायच्या, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता खाली बसायचं. दरवर्षी दोन-चार जण बसतात. त्यात बहुतेक उंच, धिप्पाड मुलगे असतात, कोण जाणे का.

पहिल्या दिवशी डोळ्यांना झोंबतं ते फॉर्मॅलिन, देह टिकवायचं औषध. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या दिवशी चष्मा लाव, केस घट्ट बांध, हातमोजे घाल. वास चार दिवस हाताला राहिल्यासारखा वाटतो. मी चार दिवस भाकरी चमच्याने खायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. टेबलावरचा देह कडक, रंग उडालेला असतो, आपल्या माणसासारखा दिसत नाही. त्याचीच मदत होते. तो तिथे कसा येतो तेही माहीत असू दे. आपल्याकडे १९४९ चा शरीरशास्त्र कायदा आहे. त्याखाली बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो, आणि आता स्वतःहून देहदान करणारेही बरेच आहेत. अनेक कॉलेजांत पहिल्या दिवशी त्या देहापुढे उभं राहून शपथ घेतात. ती नुसती म्हणू नकोस. तिथे फोटो काढायचा नाही, चेष्टा करायची नाही. कुणी करत असेल तर तू गप्प बसू नकोस.

हॉस्टेलचा प्रश्न आईला नाराज करणारा आहे, पण मी हॉस्टेलच्या बाजूची आहे. नकाशावर अंतर थोडं दिसतं, एकाच महामार्गावर आहात. पण टोमॅटोचा हंगाम चालू असताना पिंपळगावात क्रेटच्या गाड्यांची रांग लागली की बस किती वेळ उभी राहते हे आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. जाण्या-येण्यात रोज दोन तास गेले तर तो वर सांगितलेला दीड तास कुठून आणायचा? आणि हजेरी सक्तीची आहे: लेक्चरला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०. त्याहून मोठं कारण म्हणजे ते लाटणं. रात्री अकराला बोलायला समोर बसणारी मैत्रीण एसटीत भेटत नाही. आईला सांग, एकच वर्ष राहून बघते. शनिवारी घरी, रविवारी संध्याकाळी डबा घेऊन परत. डबा मोठा दे म्हणावं. पहिल्या आठवड्यातल्या मैत्र्या बऱ्याचशा चकली-चिवड्यावर होतात. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, त्यात परप्रांतीय मुलांना मराठी शिकवतात. त्यांतल्या एखादीला तू मराठी शिकव, ती तुझं इंग्रजी ऐकून घेईल. सौदा वाईट नाही.

रॅगिंग आता पूर्वीसारखं नाही, नियम कडक आहेत. तरी १८००-१८०-५५२२ हा देशभरचा रॅगिंगविरोधी क्रमांक फोनमध्ये ठेव. सीनियर मदतही खूप करतात. नोट्स देणारा आणि घाबरवणारा यांत फरक करायला शिकशीलच.

आणि पहिल्या इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, मार्क कमी पडतील. पडतीलच, हे आत्ताच घरी सांगून ठेव. वर्गात शंभर-दीडशे जण, प्रत्येक जण आपापल्या शाळेचा पहिला. कुणीतरी नव्वदावा येणारच, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आकडा बघून त्याला वाटतं की आपण इथले नाहीच. पहिलं वर्ष पास व्हायला नियमाने चार संधी मिळतात, पण ते आत्ता विसर. लक्षात एवढं ठेव की नापास झालीस तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. मेंटॉर शिक्षक नेमून दिलेले असतात, त्यांना सांग. मनातून फारच खचल्यासारखं झालं, झोप उडाली, जेवण जाईना, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गप्प राहणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यातल्या एकीच्या शेजारी मी आठ महिने बसत होते आणि मला काही कळलं नाही. ती वर्ष संपायच्या आत घरी गेली, परत आली नाही. फार हुशार होती.

वडिलांना बागेत गोडी छाटणीची घाई असेल, त्यामुळे त्यांना यात ओढू नकोस. पण नवरात्राची गर्दी सुरू व्हायच्या आत एक दिवस आईला घेऊन वणीच्या गडावर जा. रोपवे सोडून पायऱ्यांनी. जाताना सेकंदकाट्याचं घड्याळ आणि ती वही बरोबर घे. पहिल्या पायरीवर बसून मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटं ठेवून एक मिनिट नाडी मोज. वर पोहोचल्या पोहोचल्या पुन्हा मोज, मग पाच मिनिटांनी आणखी एकदा. आईचीही मोज, आणि आकडे का वाढले, कोणाचे लवकर उतरले, हे परतीच्या बसमध्ये तिला समजावून सांग. हॉस्टेलचं तेव्हाच काढ. आकडे मला कळव, दोघींचेही.

तुझी,
डॉक्टर मॅडम